तीन सूर्यांचा द्राक्षमळा

‘द्राक्षासव’ हा शब्द मराठी घरांना अपरिचित नाहीं. वैद्याच्या दुकानांतील फळीवर, दशमूलारिष्टाच्या शेजारीं, त्याची बाटली पुष्कळांनीं पाहिलेली असते; जेवणानंतर दोन चमचे समभाग पाण्यांतून घेण्याची शिफारसहि वडीलधाऱ्यांकडून ऐकलेली असते. परंतु द्राक्षाचा रस आंबवून केलेलें पेय हेंच ज्यांच्या शेतीचें सार्थक आहे, ज्यांच्या घराची प्रतिष्ठा त्यावर तोलली जाते आणि ज्यांच्या गांवाचें रूपहि त्यानेंच घडविलें आहे, अशा माणसांची ओळख मात्र येथील श्रोत्यांना क्वचितच होते. स्वित्झर्लंडमधील लावो नांवाच्या डोंगरउतारावर अशीं शेंकडों घरें आहेत. त्यांपैकीं एकाद्या घराच्या तळघरांत प्रवाशाला काय पाहावयास आणि काय चाखावयास मिळतें, हा आजचा विषय आहे.

मद्याची गोष्ट निघाली कीं सुशिक्षित घरांतहि कांहीं भुंवया वर जातात, आणि त्यांत अस्वाभाविक असें कांहीं नाहीं. या उताराच्या बाबतींत तर एक मोठा योगायोग सांगण्यासारखा आहे. लंडनच्या दुसऱ्या गोलमेज परिषदेहून परततांना १९३१ च्या डिसेंबरांत महात्मा गांधी याच सरोवराच्या पूर्व टोकास, व्हिलनव्ह या गांवीं, फ्रेंच साहित्यिक रोमां रोलां यांच्याकडे कांहीं दिवस राहिले होते. त्या मुक्कामांत लोझान आणि जिनीव्हा येथें त्यांचीं भाषणें झालीं. व्हिलनव्हहून लोझानला जाणारी वाट या मळ्यांच्या पायथ्याजवळूनच जाते. दारूबंदीचा एवढा मोठा पुरस्कर्ता या भिंतींच्या छायेंत राहून गेला, हें लक्षांत ठेवूनच या मळ्यांकडे पाहिलेलें बरें. म्हणजे पेल्यांतील पेयाची भलावण करण्याचा मोह होत नाहीं, आणि त्या पेल्यामागें उभ्या असलेल्या हातांच्या कष्टांकडे नजर जाते.

स्वित्झर्लंडच्या नैर्ऋत्य कोपऱ्यांत जिनीव्हाचें सरोवर चंद्रकोरीसारखें पसरलेलें आहे. तेथील लोक त्याला लेमां म्हणतात. त्याचें पाणी समुद्रसपाटीपासून ३७२ मीटर उंचीवर असून सर्वांत खोल जागीं तें सुमारें ३१० मीटर खोल आहे. दक्षिण तीरावर फ्रान्समधील साव्हॉयचे हिमाच्छादित डोंगर उभे आहेत आणि उत्तर तीरावर व्हो हा स्विस प्रांत आहे. लोझानहून व्हेव्हेकडे जाणारी आगगाडी शहराची हद्द ओलांडते तोंच उजव्या हातास केवळ पाणी आणि डाव्या हातास केवळ दगड दिसूं लागतात. डोंगराचा उतार इतका तीव्र आहे कीं, त्यावर सपाट जमीन अशी निसर्गानें ठेवलेलीच नाहीं. जी आहे ती माणसानें केलेली आहे. एकावर एक, कांहीं ठिकाणीं चाळिसांच्या घरांत जाणाऱ्या दगडी पायऱ्या, आणि प्रत्येक पायरीवर द्राक्षवेलींच्या चार-सहा ओळी. कोंकणांतल्या डोंगरावरील मजग्या ज्यांनीं पाहिल्या आहेत त्यांना कल्पना चटकन् येईल. मात्र येथें बांध मातीचे नसून माणसाच्या उंचीच्या, प्रसंगीं त्याहूनहि उंच अशा दगडी भिंतींचे आहेत.

लोझानच्या वेशीपासून शियोंच्या पाणकिल्ल्यापर्यंत सुमारें ३० किलोमीटर हा प्रकार चालतो. सुमारें ८०० हेक्टरांच्या या मळ्यांत लहानमोठ्या दहा हजार पायऱ्या असल्याचें सांगतात, आणि त्यांना सांवरणाऱ्या भिंती एकापुढें एक मांडल्या तर ४०० किलोमीटर होतील. म्हणजे मुंबईस आरंभ केलेली भिंत कोल्हापूर ओलांडून पुढें जाईल. २००७ सालीं युनेस्कोनें या प्रदेशाची गणना जागतिक वारशांत केली. हा मान एकाद्या मंदिराला किंवा राजवाड्याला मिळालेला नाहीं. शेताच्या बांधांना मिळालेला आहे.

लावोचे लोक म्हणतात कीं, आमच्या द्राक्षांना तीन सूर्य पिकवितात. पहिला आकाशांतला. मळे दक्षिणाभिमुख असल्यानें त्याचें ऊन दिवसभर मिळतें. दुसरा सरोवरांतला, कारण पाण्यावरून परावर्तित झालेला प्रकाश उतारावर खालून येऊन पडतो. तिसरा भिंतींतला, कारण दिवसभर तापलेला दगड सूर्यास्तानंतर ती ऊब हळूहळू वेलींना परत देतो. या म्हणण्यांत काव्य आहे तसें शास्त्रहि आहे. एवढा मोठा जलाशय उन्हाळ्याची उष्णता सांठवून ठेवतो आणि शरद ऋतूंत सावकाश सोडतो. त्यामुळें आल्प्सच्या कुशींत असूनहि हा उतार सहसा गारठत नाहीं. तीन सूर्यांपैकीं दोन ईश्वरदत्त आहेत. तिसरा मात्र माणसानें दगडावर दगड रचून निर्माण केला आहे, आणि या प्रदेशाची सारी कहाणी त्या तिसऱ्या सूर्याची आहे.

ती कहाणी सुमारें नऊशें वर्षांची आहे. अकराव्या-बाराव्या शतकांत येथील जमीन ख्रिस्ती मठांच्या ताब्यांत होती. बेनेडिक्टिन आणि सिस्टर्शियन पंथांच्या साधूंनीं झाडोरा तोडून हा उतार लागवडीखालीं आणला आणि पायऱ्या बांधण्यास आरंभ केला. १५३६ सालीं बर्नच्या राज्यकर्त्यांनीं व्हो प्रांत जिंकला. धर्मसुधारणेच्या लाटेंत मठ गेले, मालक बदलले. पुढें १८०३ सालीं व्हो स्विस संघराज्याचा स्वतंत्र घटक झाला. साधू गेले, बर्नचे अधिकारीहि गेले. पण ‘साधूंचें कुंपण’, ‘मठांचें कुंपण’ अशा अर्थाचीं मळ्यांचीं नांवें आजहि चालू आहेत, आणि त्या दोन्ही मळ्यांचा मालक आज लोझान शहर आहे. बाकीच्या उताराचा मोठा भाग मात्र लहान लहान कुटुंबांच्या हातीं राहिला.

अशा कुटुंबाची शेती एका ठिकाणीं असेल असें मात्र नाहीं. वांटण्या, लग्नसंबंध आणि खरेदी-विक्री यांतून एका घराकडे पांच-सहा हेक्टर जमीन असली तरी ती दहा-बारा तुकड्यांत विखुरलेली असते. एक तुकडा गांवाच्या खालीं पाण्यालगत, दुसरा वर रस्त्याच्या कडेस, तिसरा शेजारच्या गांवच्या हद्दींत. बऱ्याचशा तुकड्यांत यंत्र जाऊं शकत नाहीं. पूर्वीं सगळाच माल पाठीवर वाहिला जाई. तोडणीच्या वेळीं द्राक्षें, खताच्या वेळीं खत, आणि वळवाच्या पावसानंतर माती! जोराची सर आली कीं पायरीवरची माती वाहून भिंतीच्या पायथ्याशीं सांचते. ती टोपल्यांत भरून, पाठीवर घेऊन, पुन्हां वरच्या बाजूस नेऊन पसरावयाची, हें येथील शेतकऱ्याचें हिंवाळ्यांतलें ठराविक काम होतें. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत एकाच दांतेरी रुळावरून चढणारी लहानशी यांत्रिक गाडी आली. तेव्हांपासून पाठीला बराच आराम मिळाला. परंतु छाटणी, बांधणी, पानें विरळ करणें आणि तोडणी हीं कामें अजूनहि बव्हंशीं हातांनींच होतात. सपाट प्रदेशांतील यंत्राच्या मळ्याला एका हेक्टरामागें जितका वेळ लागतो त्याच्या कित्येक पट वेळ येथें लागतो. येथल्या बाटलीची किंमत ऐकून प्रवासी चकित होतो तें याच कारणानें.

वर्षाचा क्रमहि आपल्याकडील द्राक्षांच्या क्रमाहून निराळा आहे. नाशिककडे वेलीला खरी झोंप अशी मिळतच नाहीं. म्हणून तेथें एप्रिलच्या सुमारास एक आणि ऑक्टोबरच्या सुमारास दुसरी, अशा दोन छाटण्या कराव्या लागतात आणि फळ उन्हाळ्याच्या तोंडाशीं हातीं येतें. लावोंत थंडीच वेलीला झोंपविते. हिंवाळ्याच्या अखेरीस एकच छाटणी होते, वसंतांत डोळे फुटतात, जूनमध्यें फुलोरा येतो आणि सप्टेंबर-ऑक्टोबरांत तोडणी होते. फुलोऱ्याच्या सुमारास कोवळे फुटवे काढण्याचें व शेंडे बांधण्याचें नाजूक काम पूर्वीं पलीकडच्या तीरावरून, साव्हॉयमधून, येणाऱ्या बायका करीत. कांहीं आठवड्यांच्या त्या मजुरीवर दोन्ही तीरांचे संसार चालत. व्हो प्रांताचा प्रसिद्ध कादंबरीकार रामूझ यानें १९२३ मध्यें या उतारावरील माणसांवर एक कादंबरी लिहिली. तींत गांवोगांव हिंडणारा एक बुरूड गांवांत येतो. ज्या गांवाचें सारें जीवन पाठीवरच्या टोपलीवर चाललें होतें, त्या गांवांत बुरुडाचें आगमन ही कादंबरीस पुरेशी घटना होती!

आतां त्या घरांत प्रवेश करावा. गांवांतील गल्ल्या अरुंद असतात, घरें एकमेकांना खेटून उभीं असतात. कारण वेलीच्या जमिनीवर घर बांधणें ही येथें पूर्वापार उधळपट्टी मानली गेली आहे. रस्त्यालगत एक रुंद कमानदार दरवाजा असतो. त्याच्या आंत तळघर आणि वर कुटुंबाचा संसार. ज्यांना एकाच घरीं जावयाचें नसेल त्यांच्यासाठीं बहुतेक मोठ्या गांवांत सामाईक तळघरें आहेत. तेथें गांवांतील कुटुंबें आळीपाळीनें आपली वाइन घेऊन पाहुण्यांच्या स्वागताला बसतात. वसंतांत, पेंटेकॉस्टच्या सुट्टींत, साऱ्या व्हो प्रांतांतील तळघरें लोकांना खुलीं असतात.

तळघराच्या दारांतून आंत पाऊल टाकतांच थंडावा जाणवतो आणि ओल्या लांकडाचा, किंचित् आंबट असा वास येतो. एका बाजूस लखलखीत पोलादी टांक्या, दुसऱ्या बाजूस माणसाहून उंच, काळवंडलेलीं जुनीं ओकचीं पिपें. घरांतील वृद्ध मालकाला पिपांचा अभिमान अधिक. शेतकीचें आणि वाइनचें शिक्षण घेऊन आलेल्या मुलाला किंवा मुलीला टांक्यांचा. अलीकडे अनेक घरांत ही धुरा मुलींनीं उचललेली आहे. न्यों गांवाजवळील शांजें येथें या विषयाची उच्च शिक्षणसंस्था आहे. तेथून शिकून आलेली पिढी तपमान अंशाअंशानें मोजते, आणि वडील मात्र अजूनहि पिपावर कान ठेवून आंतला रस बोलतो कीं नाहीं हें पाहतात. दोघांचेंहि उत्तर बहुधा सारखेंच येतें!

वाइन कशी होते हें थोडक्यांत सांगतां येईल. पांढऱ्या वाइनसाठीं द्राक्षें तोडल्याबरोबर दाबून रस काढतात आणि सालीचा चोथा वेगळा करतात. रसांतील साखरेवर किण्वाचे सूक्ष्म जीव काम करूं लागतात. साखरेचें मद्यार्क होतें आणि कार्बन डायॉक्साइड वायु बाहेर पडतो. लावोच्या वाइनमध्यें मद्यार्काचें प्रमाण सामान्यतः शेंकडा १२ च्या आसपास असतें. यानंतर येथें आणखी एक क्रिया होऊं देतात. द्राक्षांतील मॅलिक आम्ल, म्हणजे कच्च्या सफरचंदाला जें आंबट करतें तें, कांहीं जिवाणूंच्या साहाय्यानें लॅक्टिक आम्लांत, म्हणजे दह्यांतल्या आम्लांत, रूपांतरित होतें. कैरीच्या आंबटपणांत आणि अधमुऱ्या दह्याच्या आंबटपणांत जो फरक असतो तोच येथें घडतो. धार जाते आणि मऊपणा येतो.

या उताराचें मुख्य द्राक्ष शासला या जातीचें. हें द्राक्ष जर्मनींत गुटएडेल या नांवानें व शेजारच्या व्हाले प्रांतांत फांदां या नांवाच्या वाइनसाठीं प्रसिद्ध आहे. आनुवंशिक गुणसूत्रांच्या अलीकडील अभ्यासानें त्याचें मूळस्थान याच सरोवराच्या आसपास असावें असा तर्क केला आहे. गंमत अशी कीं, वाइनच्या जाणकारांच्या जगांत शासलाला फारसा मान नाहीं. त्याला स्वतःची ठसठशीत चव नाहीं, असा त्याच्यावर आक्षेप आहे. लावोचे शेतकरी हा आक्षेप खोडीत नाहींत. उलट तोच त्याचा गुण म्हणून सांगतात. ज्या गायकाचा आवाज फार भरदार नसतो त्याच्याकडून चीज स्वच्छ ऐकूं यावी, तशी या द्राक्षांतून जमीन स्वच्छ कळते, असें त्यांच्या म्हणण्याचें तात्पर्य.

याची परीक्षा चाखण्याच्या मेजावर होते. ज्या घराचे तुकडे शेजारशेजारच्या दोन-तीन गांवांत आहेत, तें घर पाहुण्यापुढें तीन लहान पेले मांडतें. द्राक्ष तेंच, साल तेंच, हात तेच. फरक केवळ जमिनीचा. पहिला पेला सें-साफोरें गांवाचा. तेथील खडक म्हणजे नदीच्या गोट्यांचा निसर्गानेंच केलेला कॉंक्रीट होय. दुसरा कालामेंचा. हा सुमारें १६ हेक्टरांचा छोटासा भाग पूर्वीं घसरून आलेल्या दरडीच्या चिकणमातीवर आहे. तिसरा देझलेचा. साधूंनीं बांधलेला, सर्वांत खड्या चढणीचा, सुमारें ५४ हेक्टरांचा हा उतार लावोचा मुकुटमणि समजला जातो.

चाखण्याची रीत सावकाशीची आहे. प्रथम पेला उजेडापुढें धरून रंग पाहावयाचा, मग तो हलकेच फिरवून वास घ्यावयाचा, मग एक घोट घेऊन तोंडांत खेळवावयाचा. आणि पुढील पेल्यांची चव बिघडूं नये म्हणून तो घोट जवळच्या भांड्यांत टाकून द्यावयाचा. पिकदाणीचा हा उपयोग पाहून मराठी प्रवाशाला हसूं येतें. परंतु घोट गिळला नाहीं म्हणून यजमान रागावत नाहीं. पेला पेल्याला लावतांना एकमेकांच्या डोळ्यांकडे पाहण्यास जो विसरतो त्याला मात्र येथें असंस्कृत समजतात.

पहिल्या पेल्यांत लिंबाच्या फुलासारखा हलका गंध आणि जिभेवर नाजूकशी चुणचुण. दुसरा अधिक घट्ट. शेवटीं थोडा कडवटपणा, आणि गारगोटीवर गारगोटी घासल्यावर येतो तसला वास. तिसरा रुंद, भरलेला, बदामाची आठवण देणारा. तीन तुकड्यांमध्यें अंतर किती, असें विचारलें तर यजमान खिडकींतून बोटानें दाखवितो. चालत गेलें तरी तिन्ही ठिकाणें पाहून परत येतां येईल! यावर कोणी म्हणेल कीं दगडाचीच चव मुळांवाटे फळांत उतरली असावी. शास्त्राला ही कल्पना मान्य नाहीं. जमीन आपलें काम करते तें पाणी आणि उष्णता यांच्या वाटपानें. चिकणमाती पाणी धरून ठेवते, गोट्यांची जमीन तें सोडून देते, आणि उभ्या चढणीवरच्या भिंती अधिक तापतात. म्हणजे देझलेच्या पेल्यांत जी ऊब लागते ती थोडीबहुत त्या भिंतीचीच असते.

मग एक जुनी बाटली उघडली जाते. बहुतेक शासला एक-दोन वर्षांतच पिऊन टाकतात. परंतु चांगल्या वर्षाची देझले तळघरांत वीस-वीस वर्षें राहते. तिचा रंग गवताच्या काडीवरून सोन्यावर जातो, आणि चवींत मध, सुका मेवा, भाजलेल्या पावाचा कडा अशा गोष्टी येतात. शेवटीं प्लां रोबेर नांवाची लाल वाइन येते. गामे द्राक्षाचा हा स्थानिक प्रकार १९६० नंतरच्या दशकांत नामशेष होण्याच्या बेतांत होता. तेथल्याच शेतकऱ्यांनीं उरलेल्या वेलींवरून काड्या घेऊन तो वाचविला. तिच्यांत मिऱ्याचा तिखट वास असतो. ही सारी संपत्ति लावोबाहेर फारशी जात नाहीं. स्विस वाइनपैकीं परदेशीं जाते ती शेंकडा एक-दोन टक्केच. बाकी सारी देशांतच संपते.

येथवर चित्र सुखाचें दिसतें. परंतु या मेजावर बसलेल्या कुटुंबाच्या मनांत एक चिंता सतत असते. हा मळा पुढच्या पिढींत राहील काय?

चिंतेचें एक कारण निसर्ग. एकोणिसाव्या शतकांत अमेरिकेहून आलेल्या फिलॉक्सेरा नांवाच्या किडीनें युरोपांतील वेलींचीं मुळें खाऊन टाकलीं. व्हो प्रांतहि त्यांतून सुटला नाहीं. उपाय सांपडला तोहि अमेरिकेचाच. तेथल्या वेलीच्या खुंटावर युरोपी वेलीचें कलम करणें. नऊशें वर्षांच्या मळ्यांतील वेली यामुळें मुळाशीं परदेशी आहेत. केवडा आणि भुरी हे रोग त्याच शतकांत आले ते कायमचेच राहिले. २०२१ सालीं वसंतांतील कडाका, गारपीट आणि केवडा या तिघांनीं मिळून स्वित्झर्लंडचें वाइनचें उत्पादन १९५७ नंतरच्या नीचांकावर आणलें. भिंती मात्र उभ्या राहिल्या, आणि पुढच्या वर्षीं वेली पुन्हां फुटल्या.

दुसरें कारण माणूस. सरोवराचा देखावा, दक्षिणेचें ऊन आणि जवळ लोझानसारखें शहर! बंगला बांधण्यास याहून सुंदर जागा कोणती? द्राक्षाच्या पिकाहून घराच्या जागेला कितीतरी अधिक दाम येतो, हें गणित शेतकऱ्याला सांगावें लागत नाहीं. विसाव्या शतकांत उतारावर इमारती चढूं लागल्या. तेव्हां फ्रान्त्स वेबर या निसर्गसंरक्षकानें चळवळ उभारली आणि १९७७ सालीं व्हो प्रांताच्या मतदारांनीं लावोच्या रक्षणाचें कलम प्रांताच्या घटनेंत घातलें. २००३ च्या नव्या घटनेंत तें कलम गळलें. २००५ सालीं लोकांनीं पुन्हां मतदान करून तें परत आणलें. २०१४ सालीं तिसऱ्या वेळेस अधिक कडक प्रस्ताव आला. तेव्हां मात्र तो नाकारून लोकांनीं सरकारचा सौम्य पर्याय स्वीकारला. या तिसऱ्या खेपेस कडक प्रस्तावाच्या विरोधांत मळेवालेहि होते. देखावा जपण्याच्या भरांत शेतीलाच हातपाय हलवितां आले नाहींत, तर मळा चित्रासारखा भिंतीवर टांगला जाईल, असें त्यांचें म्हणणें होतें. या वादांत दोन्ही बाजू मळ्याच्याच मित्रांच्या होत्या, हें विशेष.

तिसरें कारण बाजार. स्विस लोक जी वाइन पितात तिच्यापैकीं निम्म्याहून अधिक परदेशांतून येते, आणि ती बहुधा स्वस्त असते. शिवाय तरुण पिढी पूर्वींपेक्षां कमी पिऊं लागली आहे. गांधीजींच्या देशांतील श्रोत्यांना या शेवटच्या गोष्टीचें वाईट वाटण्याचें कारण नाहीं. परंतु ज्या घराची एकुलती एक मिळकत त्यावर अवलंबून आहे, त्याला दरवर्षीं नव्यानें हिशेब मांडावा लागतो. भिंतीची दुरुस्ती कोणी करावयाची, आणि कोणत्या पैशांतून?

या प्रश्नाला तेथील समाजानें एक जुनें उत्तर देऊन ठेवलेलें आहे. व्हेव्हे गांवीं द्राक्षमळेवाल्यांचें एक मंडळ सतराव्या शतकापासून काम करीत आहे. त्याचे तपासनीस वर्षांतून अनेकदां मळ्यांत फिरून कामाची पाहणी करतात आणि कामाला गुण देतात. हे गुण मालकाला नसतात. दुसऱ्याच्या जमिनीवर ठराविक मोबदल्यानें वेली सांभाळणाऱ्या कामकऱ्याला ते दिले जातात. उत्तम ठरलेल्या कामकऱ्यांचा मुकुट घालून सत्कार करण्याच्या प्रथेंतून १७९७ सालीं एक मोठा उत्सव जन्मास आला. एका पिढीला साधारणतः एकदांच येणारा हा उत्सव १९५५, १९७७, १९९९ आणि २०१९ या सालीं झाला. हजारों स्थानिक लोक त्यांत गातात, नाचतात. आणि त्या साऱ्या थाटाच्या मध्यभागीं मुकुट चढतो तो छाटणीची कात्री धरणाऱ्या माणसाच्या डोक्यावर. २०१६ सालीं युनेस्कोनें या परंपरेचीहि नोंद घेतली. भिंतींची नोंद नऊ वर्षें आधीं झाली होती. ती राखणाऱ्या हातांची नोंद नंतर झाली.

प्रवासी तळघरांतून बाहेर पडतो तेव्हां बहुधा दोन-चार बाटल्या विकत घेतो, आणि यजमान त्या कागदांत गुंडाळून देतो. मद्य न घेणारा पाहुणा असेल तर तोडणीच्या दिवसांत त्याला ताजा, न आंबलेला रस मिळतो, आणि तोहि तितक्याच अगत्यानें. विक्रीपुरतेंच पाहिलें तर भेट येथें संपते. परंतु बहुतेक घरीं पाहुण्याला शेवटीं वर, मळ्यांत, नेण्याची चाल आहे. तेथें दाखविण्यासारखें म्हणून यजमान जें दाखवितो तें वेलींपेक्षां भिंतीच अधिक. हा दगड आजोबांनीं बसविला, ही कड गेल्या वादळांत सुटली होती, हा कोपरा पुढच्या हिंवाळ्यांत उकलून पुन्हां रचावयाचा आहे. वाइन दरसाल संपते; वेल तीस-चाळीस वर्षांनीं म्हातारी होऊन काढावी लागते; भिंत मात्र त्याला मिळाली तशीच पुढें द्यावयाची असते. पावसानें वरची माती थोडी खालीं आणलेली असते. यजमान बोलतां बोलतां फावडें उचलतो, ती गोळा करतो आणि छोट्या रुळगाडीच्या पेटींत टाकतो. गाडी कुरकुरत वर चढूं लागते.